बातमी आधी अक्काला

मी सातवी ‘ब’ला उष्णतेचं वहन शिकवत होते. हातात लोखंडी सळई, सळईला मेणानं चिकटवलेल्या टाचण्या, खाली स्पिरिटचा दिवा. पहिली टाचणी आता पडेल, मग पडेल, असं सगळा वर्ग डोळे ताणून बघत होता. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

“बाई, माफ करा,” आत आलेला माणूस म्हणाला आणि लगेच पोरांकडे वळला. “पोरंहो, आपल्या शिपाईमामाला मुलगी झाली! आत्ताच निरोप आला. माय आन लेकरू दोघी खुशाल. वाजवा टाळ्या!”

पोरांनी बाकं दणाणून सोडली. टाळ्या थांबेपर्यंत माझ्या सगळ्या टाचण्या पडून गेल्या होत्या. त्या कोणत्या क्रमानं पडल्या हे कोणीच पाहिलं नव्हतं, आणि धडा तर नेमका त्या क्रमाचाच होता. तो माणूस माझ्या टेबलावर खडीसाखरेचा एक खडा ठेवून शेजारच्या वर्गाकडे निघूनही गेला होता. शेजारचं दार धाडकन उघडल्याचा आवाज आला. मी खडा उचलला. तो निळा होता.

कळमनुरीच्या त्या शाळेत मी नांदेडहून नवीनच आले होते. ते आमचे चित्रकलेचे सर आहेत, हे मला मधल्या सुट्टीत कळलं. खडीसाखर आणि रंगीत खडू त्यांच्या एकाच खिशात राहत, म्हणून साखर कधी निळी, कधी गुलाबी निघे. आणि चांगली बातमी ऐकली की ते तास, परीक्षा, मुख्याध्यापक काहीही बघत नाहीत, हेही त्याच दिवशी कळलं.

“वाईट बातमीला पाय असतात, बाई,” ते म्हणत. “ती आपली आपण घरी येती. चांगलीला उचलून न्यावं लागतं.”

ते उचलून नेत. कोणाच्या पोरीला कॉलेजात नंबर लागला, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोणाचा मोडता मोडता संसार सावरला. सायकल काढायची, टोपी उलटी घालायची आणि सुटायचं. माझी नोकरी कायम झाल्याचा कागद शाळेत आला, तो मी डोळ्यानं पाहण्याआधी माझ्या घरमालकिणीनं ऐकला होता. संध्याकाळी खोलीवर गेले तर मालकीणबाई आणि शेजारच्या बायका दारात हळदीकुंकवाला जमल्यासारख्या उभ्या. “सर सांगून गेले,” मालकीणबाई म्हणाल्या, “आन साखर बी देऊन गेले. हिरवी हाय, पर गोड हाय.”

वाईट बातमी मात्र त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. माझ्या वडिलांना दवाखान्यात ठेवल्याचा फोन शाळेत आला तेव्हा सगळे माझ्याभोवती जमले. कोणी पाणी दिलं, कोणी धीर दिला. सर तेवढे दिसले नाहीत. मला रागच आला. एरवी बारशाच्या बातमीला धावणारा माणूस नेमका आज कुठं गेला? मी धावतपळत स्टँडवर आले. नांदेडची गाडी लागलेली, खच्चून भरलेली. आणि खिडकीशेजारच्या सीटवर सर बसलेले, मांडीवर माझा डबा. मला बघून उठले, जागा दिली, डबा हातात दिला आणि खाली उतरले. त्या दिवसापासून ते माझे कोणीतरी झाले.

हिंगोली जिल्हा झाला तो एक मेचा दिवस तर सगळ्या शाळेच्या लक्षात राहिला. झेंडावंदनाला आम्ही जमतोय तर सर फाटकावरच्या पाटीपुढं शिडीवर उभे. पाटीवरचं ‘जि. परभणी’ पांढऱ्या रंगाखाली गेलेलं आणि ‘जि. हिंगोली’मधला ‘हिं’ तयार.

“अहो सर, उतरा!” मुख्याध्यापक खालून ओरडले. “शाळेला अजून आदेश आला न्हाई!”

“रंग वाळंपर्यंत येतोय बघा!” सर वरून म्हणाले आणि त्यांनी ‘गो’ काढायला घेतला.

तर हा माणूस कादंबरीकारही होता. गावातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक होतं, पण ते सोयीनं विसरून जायचे, कारण सरांचं लिहिणं हाही एक गोंगाटच होता. पत्र्याच्या खोलीत, उन्हाळ्यात घमेल्यातल्या पाण्यात पाय सोडून ते लिहीत. पात्रं बोलायला लागली की ह्यांचा आवाज सुटे. म्हातारी बोलली की म्हातारीचा, पोर रडलं की पोराचा. एकदा कादंबरीतल्या सासू-सुनेचं भांडण असं पेटलं की गल्लीतले किराणावाले काठी घेऊन आत शिरले. आत सर एकटेच, पाय घमेल्यात.

“वहिनी कुठं हायत?” किराणावाल्यांनी विचारलं.

“अंगणवाडीत.”

“मंग भांडून कोण राहिलं?”

“अजून मिटलं न्हाई,” सर म्हणाले. “बसा, मिटवतो.” आणि त्यांना बसवून पुढचं पान वाचून दाखवलं. किराणावाले सुनेच्या बाजूनं होते म्हणे.

वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी, अंगणवाडीच्या सेविका. शांत बाई. त्यांनीच मला एकदा अक्काची गोष्ट सांगितली. सर ती सांगत नसत. ती वाईट बातमी होती.

अक्का ही सरांची मोठी बहीण. आई लवकर गेली, बाप कामाच्या मागं गावोगाव, तेव्हा अक्कानंच ह्यांना वाढवलं. स्वतः लेकरू असताना लेकराला सांभाळलं. दुसरीतून शाळा सोडली, कालव्याच्या कामावर खडी फोडली, लग्नाच्या मांडवाबाहेर थांबून उरलंसुरलं भावासाठी फडक्यात बांधून आणलं. सरांनी हे सगळं पहिल्या कादंबरीत लिहिलं. ती कादंबरी गाजली. शहरातली मोठी माणसं गाडी करून कळमनुरीला आली, हार घातले, भाषणं केली. सर पुस्तकाची प्रत घेऊन अक्काच्या गावी गेले. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे, औंढ्याहून पुढं तिचं गाव. अक्कानं पुस्तक ठेवून घेतलं. महिन्याभरानं ते पुन्हा गेले तर तिनं फाटकातच थांबवलं. “ह्या दारात येऊ नको,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्याला सात-आठ वर्षं झाली होती.

“काय चुकलं ते बी सांगितलं न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “ह्यायला वाटतं, घरातलं चव्हाट्यावर मांडलं म्हणून. ह्यांनी मापी मागायला माणसं पाठवली. अक्का चहा पाजून परत पाठवते.”

त्यानंतर सरांनी तसली कादंबरी लिहिली नाही. प्रकाशक मागत होता. त्याला आणखी तसंच हवं होतं, आणखी खडी, आणखी भूक. सरांनी लिहिली ती लेकरांची कादंबरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहीणभाऊ पूर्णेकाठच्या मामाच्या गावी जातात, त्याची. नदीच्या वाळूतले टरबुजाचे मळे, म्हशीच्या पाठीवरच्या शर्यती, मामाचं चोरलेलं धोतर आणि एक टोळीची सरदारीण, जी चिंचेच्या झाडावर बसून हुकूम सोडते. प्रकाशकानं हस्तलिखित परत केलं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, म्हणाला.

“म्हंजी आमी हसायला बी परवानगी काढायची काय, बाई?” सरांनी मला विचारलं होतं. तेव्हा ते हसत नव्हते.

शेवटी दुसरा एक प्रकाशक तयार झाला. पुस्तक उन्हाळ्याच्या सुट्टीआधी यायचं ठरलं. चित्रं अर्थातच सरांची.

हे एवढं मला माहीत होतं. म्हणून जिल्हा झाल्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिल सरता सरता, सर एकाएकी गप्प झाले तेव्हा मला काही कळेना. शिपाईमामांच्या त्याच मुलीनं पहिलं पाऊल टाकलं, ही बातमी मामांनी स्वतः आणली, तरी सर जागचे हलले नाहीत. डब्यातली भाकरी हातात धरून खिडकीबाहेर बघत बसले. चेहरा मात्र उजळलेला, तोंडात गरम घास असल्यासारखे गाल फुगलेले.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला चित्रकलेच्या वर्गात बोलावलं. दार लावलं, खिडकी लावली आणि कपाट उघडलं. आत सुतळीनं बांधलेला मोठा गठ्ठा होता. वरचा कागद एका कोपऱ्यात फाटलेला आणि त्यातून हिरवागार रंग दिसत होता.

“सर!” मी ओरडले. “आलं?”

“हळू!” त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. “परवा आलंय. कोणालाच सांगितलं न्हाई. घरी बी न्हाई.”

एक प्रत त्यांनी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. मुखपृष्ठावर चिंचेचं झाड, फांदीवर परकराचा काचा मारून बसलेली पोरगी, दोन्ही हातांत चिंचा आणि तोंड हे एवढं उघडं, हसणारं. वर नाव होतं : ‘चिंचेवरची अक्का’.

मी नावावर बोट ठेवलं. “सर... नाव?”

“तेच खरं नाव हाय.”

“पण त्यांना विचारलंत का?”

“इचारायला दारात उभं करती का ती?” ते खाली बघत म्हणाले. “उद्या जायचं. बातमी आधी अक्काला. ती हो म्हणाली तर सोमवारी, निकालाच्या दिवशी, पोरायच्या हातात बुक. न्हाई म्हणाली तर गठ्ठा उघडायचा न्हाई. प्रकाशकाला फोन करून सांगतो, इक्री थांबवा. तुमी चला संगं.”

“मी कशाला?”

“बाईमाणूस संगं असलं की ती पाणी तरी इचारील. तेवढ्यात मी बोलून घेतो.”

रविवारी सकाळी आम्ही निघालो. पिशवीत एकच प्रत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. हिंगोलीला गाडी बदलली. त्या स्टँडवर सरांना ओळखणारी निदान पंधरा माणसं भेटली असतील. प्रत्येकाशी ते “बरं हाय, बरं हाय” एवढंच बोलत आणि माझ्याकडे बघत. त्यांचं बाहेर यायला बघणारं गुपित मला त्यांच्या कानशिलांवर दिसत होतं.

औंढ्याला पुढच्या जीपला वेळ होता. नागनाथाच्या देवळाकडून भाविकांची रांग येत होती. आम्ही रसवंतीत बसलो. शेजारच्या बाकावर एक जोडपं होतं, तेलंगणाकडचं, कपाळाला भस्म. सर त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे झुकले.

“ओळखीच्याला सांगायचं न्हाई असं मी ठरवलंय. अनोळखीचं काही ठरलं न्हाई.” आणि मी काही बोलायच्या आत त्या गृहस्थांचा हात धरून म्हणाले, “भाईसाब, बहुत खुशी की खबर है! अभी अभी आया है!”

गृहस्थ आधी दचकले, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. “लडका हुआ?”

“नही नही. किताब!”

गृहस्थांनी थोडा विचार केला. बायकोला तेलुगूत काहीतरी सांगितलं. तिनं हात जोडले, पिशवीतून प्रसादाची खोबऱ्याची वाटी काढून सरांच्या हातात ठेवली. “तबियत ठीक है उसकी?” गृहस्थांनी विचारलं.

“एकदम मजबूत!” सर म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी लांब श्वास सोडला. “आता अक्कापर्यंत कळ निघंल.”

अक्काच्या गावी उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. कालव्याच्या कडेनं चालत गेलो. जसजसं घर जवळ येऊ लागलं तसतसे सर माझ्या मागं पडू लागले. अंगणातून बायकांचा गलका येत होता. कुरडया चालल्या होत्या. चुलीवर मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक रटरटत होता, खाटांवर जुनी लुगडी पसरलेली आणि बायका सोऱ्यानं भराभरा कुरडया पाडत होत्या. चीक गरम आहे तोवरच कुरडई नीट पडते, म्हणून सगळ्यांची घाई. मधोमध पातेल्याजवळ एक उंच, काटक बाई पळीनं चीक ढवळत होती. मला सांगायची गरज पडली नाही. मुखपृष्ठावर जे कपाळ होतं तेच हे कपाळ.

सर फाटकाबाहेर थांबले. बायका थांबल्या. अक्कानं वर पाहिलं आणि पळी तशीच हातात धरून माझ्याकडे आली.

“जय भीम, बाई. तुमी कोण?”

“जय भीम. मी सरांच्या शाळेत शिकवते.”

“या, आत या. सावलीत बसा. लांबून आलायत.” मग माझ्या खांद्यावरून बाहेर न बघताच म्हणाली, “त्याला म्हणा तिथंच थांब. आन इचारा, काहून आलास?”

मी वळून विचारायच्या आत बाहेरून आवाज आला. सरांचा नेहमीचा आवाज नाही. चौथीतल्या पोराचा.

“अक्का, बुक आलं माझं.”

अक्का आता त्यांच्याकडे वळली.

“पुन्हा?”

“हाव.”

“कोण मेलं ह्यात?”

“कोणीच न्हाई.”

“उपाशी कोण हाय?”

“कोणीच न्हाई, अक्का. टरबुजं खाऊन खाऊन पोट दुखतंय सगळ्यायचं.”

मागं एक बाई फिस्सकन हसली. अक्काचा चेहरा हलला नाही. “रडतं का कोणी?”

“मी रडतो.”

“कवा?”

“तू मला डोहात ढकलतीस तवा.”

आता दोघी-तिघी हसल्या. “ढकललं व्हतं व्हय गं?” एका म्हातारीनं विचारलं. अक्कानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. हात पुढं केला. सरांनी फाटकावरून पिशवी दिली. तिनं वर्तमानपत्र सोडवलं आणि पुस्तक डोळ्यांपासून लांब धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं. “चिं... चे... वर... ची...” पुढचं तिनं मोठ्यानं वाचलं नाही.

सर फाटकाचा खांब धरून उभे होते.

“वाचा, बाई,” अक्कानं पुस्तक माझ्याकडे दिलं. “त्याला देऊ नका. त्यो आवाज काढून वाचतो.”

मी बाजेवर बसून वाचायला लागले. अक्का पुन्हा पातेल्याकडे गेली, पण पळी हळूहळू थांबली. मामाच्या धोतराचं पाल करून टोळीनं वाळूत राज्य थाटलं, तिथं बायका पोट धरून हसल्या. म्हैस शर्यत सोडून नदीत जाऊन बसली आणि वरचा सरदार मानेपर्यंत बुडाला, तिथं सोऱ्या धरलेली बाई खाटेवरच आडवी झाली. मी स्वतः हसत होते, ओळी नीट वाचता येत नव्हत्या. मग ते प्रकरण आलं, ज्यात सरदारीण अक्का मामीच्या डोळ्यांदेखत चिंचेवर चढते आणि मामी खालून शिव्या देते, तर ही वरून तिच्या पदरात चिंचा टाकत राहते. एक शिवी, एक चिंच. एक शिवी, एक चिंच. शेवटी पदर भरतो आणि मामीच हसायला लागते.

कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. वर पाहिलं तर अक्का. पळी पातेल्यात पडलेली, एक हात कमरेवर, दुसऱ्यानं डोळे पुसते आहे. “त्या मामीची शेंगदाण्याची चटणी बी पदरात व्हती,” ती धापा टाकत म्हणाली, “सगळी सांडली!”

हसू ओसरलं. तिनं तोंडावरून पदर फिरवला आणि फाटकाकडे गेली. आता भाऊ आणि बहीण समोरासमोर होते, मध्ये काट्याचं फाटक.

“मागल्या बुकावर मी काहून चिडले, ठावं हाय का तुला?”

“घरातलं बाहेर सांगितलं म्हणून.”

“हात् तुझी! घरातलं सगळ्या गावाला ठावं व्हतं. मी मांडवाबाहेर उभी राहिले ती काय लपून उभी राहिले?” तिचा आवाज चढला. “सूनबाईनं मला ते बुक पयल्या पानापासून वाचून दाखवलं. मी वाट बघून राहिले, आता मी हसंन, आता तरी हसंन. बुक संपलं. मी त्यात एकदाबी हसले न्हाई रे. खडी फोडताना आमी बाया किती हसायचो! त्यातलं एक न्हाई. मंग बाजारात गेले की बायका मला पाहून आवाज बारीक करायच्या. बिचारी म्हणायच्या. मी बिचारी हाय का?”

गावभर बोलत फिरणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून लहान पोरासारखा हुंदका निघाला. रडता रडता ते मटकन खाली बसले, आणि जमीन एवढी तापलेली की तितक्याच चपळाईनं उडी मारून उठले.

सगळं अंगण फुटलं. अक्काही. तिनं फाटकाची कडी काढली.

“ये आत. तुझ्या बुकापायी माझा चीक निबर झालाय. तूच आता सोऱ्या दाब.”

तो दिवस मी विसरणार नाही. थंड पडत चाललेला चीक सोऱ्यातून उतरेना, सर घामानं निथळत जोर लावत होते आणि सात-आठ वर्षांचं बोलणं एकदम बोलत होते. चित्रकलेचा हात, त्यामुळे कुरडया गोल पडेनात. एक मासा झाली, एक मोर. अक्का म्हणाली, “ह्या आता तळाव्या का भिताडाला लावाव्या?” आणि जेवायच्या वेळी पहिली भाकरी तिनं त्यांच्या ताटात वाढली.

निघताना सरांनी विचारलं, “मंग अक्का? वाटू का पोरायला?”

“वाट की. इचारतोस काय?” ती म्हणाली. “पर मी बी येणार. लेकरं कुठं हसत्यात ते मला बघायचंय.”

परतीच्या वाटेवर सर सुटले. जीपमधल्या प्रत्येकाला, औंढ्याच्या रसवंतीवाल्याला, हिंगोली स्टँडवरच्या त्या पंधराच्या पंधरा माणसांना गाठून त्यांनी बातमी दिली. गाडीत कंडक्टरला तिकिटाच्या पैशांआधी बातमी मिळाली. कळमनुरी येईपर्यंत त्यांचा आवाज पार बसला होता, आणि वहिनींना सांगायची वेळ आली तेव्हा नुसता वारा निघाला. वहिनींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “अक्का बोलल्या वाटतं.” पुस्तकाचं त्यांनी नंतर विचारलं.

सोमवारी निकाल लागला. पोरं प्रगतिपुस्तकं घेऊन पळायच्या बेतात असताना सरांनी सुतळी कापली. अक्का सकाळच्या गाडीनं आली होती, नव्या जांभळ्या लुगड्यात, डोक्यावर पदर. पोरांनी मुखपृष्ठाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा मुखपृष्ठाकडे पाहिलं.

“आगं, हीच हाय ती!” सातवीतली एक पोरगी किंचाळली. मग शाळा आवरेना. अक्काभोवती हा गराडा! डोह किती खोल होता, म्हैस कोणाची होती, मामी अजून हाय का. मुख्याध्यापकांनी शेवटी तिला वऱ्हांड्यात उभं केलं आणि दोन शब्द बोलायला सांगितले. अक्का लेकरांकडे बघून आरामात म्हणाली :

“ह्यानं लिवलं ते अर्धं खोटं हाय. पर हसू सगळं खरं हाय. सुट्टीत वाचा. आन नुसतं वाचू नका, पाण्यात बी पडा.”

एवढ्या टाळ्या त्या वऱ्हांड्यानं झेंडावंदनालाही ऐकल्या नसतील. सर कोपऱ्यात उभे होते. आवाज अजून उघडला नव्हता, म्हणून ते नुसतेच दोन्ही हात हवेत हलवत होते.

दुपारी मी स्टँडवर होते. सुट्टी लागली होती, मला नांदेडला घरी जायचं होतं. हिंगोलीकडे जाणारी गाडी लागलेली. सर अक्काला पोचवायला आले होते. तिची पिशवी घेऊन ते गाडीत चढले, तिला खिडकीची जागा पाहून दिली, पिशवी वर फळीवर ठेवली आणि काहीतरी सांगायला म्हणून शेजारी टेकले. अक्का काहीतरी म्हणाली. दोघं हसायला लागले. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. सर उठलेच नाहीत.

“सर!” मी पळत सुटले. “सर, उतरा! गाडी निघाली!”

खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलं, टोपी उलटी, गाल फुगलेले. बसलेल्या घशातून जेवढा निघेल तेवढा सगळा आवाज त्यांनी काढला.

“घरी सांगा, बाई! मी सुट्टीला गेलो म्हणावं, बहिणीकडं!”

आतून अक्काचा हात आला आणि त्यानं सरांची कॉलर धरली.

“डोस्कं आत घे,” तिचा आवाज मला रस्त्यापर्यंत ऐकू आला. “खांब लागंल.”